कळ रायपुरात, अक्षर पुण्यात

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. छत्तीसगडच्या राजधानीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांचे ते एकत्र येण्याचे ठिकाण. समजा, याच वस्तीतील एका घरातून कोणी पुण्याच्या कार्यालयातील संगणकावर रिमोट डेस्कटॉपने काम करीत आहे. कळफलक घरचा, पडद्यावर चित्र पुण्याच्या संगणकाचे. शब्द लिहायचा आहे ‘कमल’. पहिल्या प्रयत्नात उमटते ‘खणळ’. दुसऱ्या एका दस्तऐवजात तोच शब्द लिहिताना आधी एक सुटा काना येतो आणि त्यापुढे ‘बद’. तिसऱ्या वेळी देवनागरी येतच नाही; के, सी, एन ही तीन रोमन अक्षरे ओळीने उभी राहतात. तिन्ही वेळा बोटे त्याच तीन कळांवर, त्याच क्रमाने पडलेली असतात.

असे झाले की माणूस प्रथम कळफलकाला दोष देतो, मग इंटरनेटला, आणि शेवटी मराठीला. ‘संगणकावर मराठी नीट चालत नाही’ हे वाक्य अशाच प्रसंगातून जन्माला येते. वस्तुतः तिघेही निर्दोष असतात. रायपूरहून पुण्याला ‘क’ हे अक्षर गेलेलेच नसते. गेलेला असतो ३७ हा आकडा. त्यामागून ४६ आणि ४९. या आकड्यांची अक्षरे करण्याचे काम पुण्याच्या संगणकावर होते, आणि तो ते आपल्याकडील तक्त्यानुसार करतो. हे आकडे आले कोठून आणि तक्ता कोणाचा वापरायचा हे कोणी ठरवले, हा इतिहास टंकलेखन यंत्रापासून सुरू होतो.

टंकलेखन यंत्रावर कळ आणि अक्षर एकमेकांना लोखंडाने जखडलेले होते. अमेरिकेतील क्रिस्टोफर शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांना १८६८ मध्ये यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. कळ दाबली की तिला जोडलेला दांडा उचलला जाई, दांड्याच्या टोकाला कोरलेले अक्षर शाईच्या फितीवर आपटे आणि कागदावर ठसा उमटे. कळ एका गावी आणि अक्षर दुसऱ्या गावी, अशी कल्पनाही तेथे संभवत नव्हती. भाषा बदलायची तर यंत्रच बदलावे लागे.

देवनागरीचे यंत्र करताना कारागिरांपुढे मोठी अडचण उभी राहिली. यंत्रावर कळा पन्नासहून कमी, प्रत्येकीवर दोन चिन्हे, म्हणजे एकूण नव्वदीच्या आसपास जागा. त्यांत स्वर, व्यंजने, मात्रा, अर्धी अक्षरे, रफार, अंक आणि विरामचिन्हे बसवायची होती. त्यावर काढलेली तोड चतुर होती. ज्या अक्षरांना उजवीकडे दंड असतो त्यांपैकी अनेकांचे फक्त अर्धे रूप कळीवर ठेवले. पूर्ण अक्षर हवे असेल तर मागोमाग दंडाची कळ दाबायची, आणि तोच दंड काना म्हणूनही वापरायचा. ‘भारत’ लिहिताना अर्धा भ, मग दंड, मग काना अशी एकच कळ लागोपाठ दोनदा पडे. काही मात्रांच्या कळा दाबल्यावर कागदाचा गाडा पुढे सरकत नसे, म्हणून मात्रा अक्षराच्या डोक्यावर बसे. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, म्हणून ती आधी दाबायची. उच्चार ‘क’ नंतर ‘इ’ असा असला तरी बोटांचा क्रम उलटा. यंत्र ध्वनी लिहीत नव्हते, आकृती जुळवीत होते. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टंकलेखन यंत्रे बनवायला सुरुवात केल्यावर कचेऱ्यांच्या आणि टंकलेखन वर्गांच्या अनेक पिढ्या याच सवयीवर घडल्या. ती सवय आजही जिवंत आहे. तिचा वाटा पुढे येईल.

जोड तुटली ती ऑगस्ट १९८१ मध्ये. आयबीएमने वैयक्तिक संगणक विक्रीस आणला तेव्हा त्याच्या ८३ कळांच्या कळफलकाला अक्षरांचे ज्ञान मुद्दामच दिले नव्हते. प्रत्येक कळीला एक क्रमांक होता, त्याला स्कॅन कोड म्हणतात. कळ दाबली की क्रमांक जाई, सोडली की त्यात १२८ मिळवून दुसरा क्रमांक जाई. ज्या कळीवर इंग्रजी के छापले आहे तिचा क्रमांक ३७, सोडतानाचा १६५. त्या क्रमांकाचे अक्षर कोणते, हे संगणकातील आज्ञावली तक्ता पाहून ठरवी. यामुळे तीच यंत्रणा फ्रेंचांना, जर्मनांना आणि अमेरिकनांना विकता येऊ लागली. बदलायचा तो फक्त तक्ता. या तक्त्यालाच कळफलकाची मांडणी किंवा लेआउट म्हणतात. आजचे यूएसबी कळफलक आतून वेगळे क्रमांक पाठवतात, पण विंडोज त्यांचे रूपांतर त्याच जुन्या क्रमांकांत करून घेते. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ठरलेला ३७ अजून कामावर आहे.

एकच संगणक असेपर्यंत या व्यवस्थेत काही गोम नव्हती. कळफलक आणि तक्ता एकाच पेटीत होते. संगणक दुरून वापरण्याची सोय झाली तेव्हा मात्र प्रश्न निर्माण झाला : तारेवरून काय पाठवायचे, आणि तक्ता कोणाकडचा मानायचा?

या प्रश्नाला तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. अमेरिकेतील एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीत कळीचा क्रमांक दूरच्या आज्ञावलीकडे जाई, पण तक्ता वापरकर्त्याच्या बाजूचा असे. दूरची आज्ञावली तो तक्ता मागवून घेई. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेत घडलेल्या आणि १९९८ मध्ये खुल्या झालेल्या व्हीएनसीने क्रमांकाऐवजी थेट चिन्हच पाठवायचे ठरवले. ऐकायला हे सर्वांत सरळ वाटते. पण दूरच्या संगणकाला आलेले चिन्ह पुन्हा कळीत उलटवावे लागते, म्हणजे ‘आपल्या मांडणीत हे चिन्ह कोणती कळ दाबल्यावर आले असते?’ असे शोधावे लागते. त्याच्याकडे इंग्रजी मांडणी चालू असेल तर ‘ळ’ देणारी कळ त्याला सापडतच नाही. अक्षर मग गळते किंवा भलतेच उमटते. पुढे क्यूईएमयू या प्रकल्पाने व्हीएनसीला एक पुरवणी जोडली आणि चिन्हासोबत कळीचा क्रमांकही पाठवण्याची सोय केली. थेट चिन्हावर विसंबणारा मार्ग असा फिरून क्रमांकाकडे आला.

तिसरे उत्तर मायक्रोसॉफ्टचे, आणि भारतातील कचेऱ्यांत हेच अधिक परिचयाचे. १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली आणि तिच्यासोबत आरडीपी हा संवादाचा नियम आला. २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून ‘रिमोट डेस्कटॉप’ हे नाव घरोघरी पोचले. आरडीपीत सामान्यतः कळीचा क्रमांक जातो आणि तक्ता दूरच्या संगणकाचा वापरला जातो. मात्र जोडणी होतानाच वापरकर्त्याचा संगणक एक ओळखपत्र सादर करतो : माझी मांडणी अमुक क्रमांकाची आहे. अमेरिकी इंग्रजीचा क्रमांक १०३३, हिंदीचा १०८१, मराठीचा ११०२. ते ओळखपत्र पाहून दूरच्या संगणकाने तशीच मांडणी आपल्याकडे उघडावी, अशी अपेक्षा असते. पुण्याच्या आणि रायपूरच्या संगणकांमधील सारा समजुतीचा व्यवहार या एका आकड्यावर उभा आहे. तो चुकला, मानला गेला नाही किंवा मधेच बदलला, की ‘कमल’चे काहीही होऊ शकते.

आता देवनागरीकडे. कानपूरच्या आयआयटीत डॉ. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी सत्तरच्या दशकापासून भारतीय लिप्या संगणकावर आणण्यासाठी झटत होते. त्यांच्या गटाने घडवलेला देवनागरी संगणक १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात लोकांपुढे आला. त्या गटातील मोहन तांबे यांनी पुढे जिस्ट या तंत्राचे नेतृत्व केले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते काम पुण्याला आले. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी एक सामायिक कळफलक मांडला, १९८८ मध्ये त्यात सुधारणा केली. तोच इन्स्क्रिप्ट. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात इस्की संकेतप्रणालीसह त्याचा समावेश झाला.

इन्स्क्रिप्टने टंकलेखन यंत्राची आकृतीची विचारपद्धती सोडून वर्णमालेची धरली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. तसेच ग-घ, त-थ, प-फ. वेलांटी दिसो कोठेही, दाबायची व्यंजनानंतर, कारण उच्चार तसा आहे. आणि सर्वांत दूरदृष्टीची गोष्ट अशी की ‘क’ची जागा मराठीत जी, तीच बंगालीत, गुजरातीत, तेलुगूत. क्रमांक ३७ म्हणजे क, मग लिपी कोणतीही असो. पाणिनीच्या देशात वर्णांची शास्त्रीय रचना तयार होती; ती कळफलकावर उतरवायला १९८६ उजाडावे लागले, एवढेच.

मग १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिने देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवरूनच बेतला. विंडोज २००० मध्ये हिंदी आणि मराठी दोन्हींना मुळातून आधार मिळाला.

येथे रायपूरची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण हिंदी आणि मराठी या दोन मांडण्यांची सरमिसळ जेथे स्वाभाविक वाटते असे ते शहर आहे. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले. १८५४ मध्ये ते राज्य इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि रायपूरचा कारभार नागपूर राजधानीतून चालू लागला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या राजभाषा कायद्याने त्या राज्यात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान दिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. २००० मध्ये बरोबर त्याच तारखेला छत्तीसगड वेगळे झाले. मराठी माणसे होती तेथेच राहिली, कागदावरची मराठी मात्र उरली नाही. या मातीतील द्विभाषकपणाचे सर्वांत ठळक उदाहरण माधवराव सप्रे यांचे : मातृभाषा मराठी, १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, आणि टिळकांच्या गीतारहस्याला हिंदीत आणले. सप्र्यांना दोन भाषांसाठी दोन लिप्या लागल्या नाहीत. हाच सोयीचा भाग संगणकावर अडचणीचा ठरतो. लिपी एक असल्यामुळे हिंदी मांडणी मराठीला चालून जाते. ती चालून जाते म्हणून कोणी बदलत नाही. आणि जेथे चालत नाही त्या जागा नेमक्या मराठीच्या स्वतःच्या असतात.

पहिली जागा ‘ॲ’. १९८८ च्या मूळ इन्स्क्रिप्टमध्ये एक या अंकाच्या कळीवर शिफ्टसह ‘ऍ’ आहे, ए वर चंद्र. मराठीला हवा असतो अ वर चंद्र. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. म्हणजे रिमोट डेस्कटॉप जन्मला तेव्हा मराठीतील ‘ॲ’ अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. त्यामुळे आज ‘ॲड.’ हे वकिलांच्या नावामागचे बिरुद तीन प्रकारे साठवलेले आढळते : जुना ऍ घालून, अ आणि चंद्र वेगवेगळे जोडून, आणि नवा एकसंध ॲ घालून. डोळ्यांना शेवटची दोन रूपे सारखीच दिसतात. संगणकाला ती वेगळी असतात, आणि एकाचा शोध घेतला तर दुसरे सापडत नाही.

दुसरी जागा ‘ऱ्य’. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतील फरक मराठी मुलाला शाळेत शिकवतात. एकाला व्यासपीठावर बसवायचे असते, दुसऱ्याला मुदपाकखान्यात. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज नाही. युनिकोडने तो दोन मार्गांनी दिला. एक मार्ग खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा : इन्स्क्रिप्टमध्ये जे च्या कळीवर शिफ्ट धरून ऱ, मग डी च्या कळीवर हलन्त, मग य. दुसरा मार्ग साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. ते चिन्ह डोळ्यांना दिसत नाही आणि कळफलकावर त्याची छापील कळही नसते. दूरच्या संगणकावर मांडणी वेगळी असेल तर सर्वांत आधी हरवते ते हेच. ते हरवले की आचारी आचार्य होतात, आणि पडद्यावर चूक झाल्याची कसलीही खूण राहत नाही.

‘ळ’ची गोष्ट वेगळी. तो हिंदी मांडणीतही आहे, ल च्याच कळीवर, शिफ्टसह. यंत्र त्याला अडवत नाही. ‘काळे’ कुटुंबाचे ‘काले’ होते ते लिहिणाऱ्याच्या सवयीने. पण नोंदणीच्या कागदावर एकदा ‘काले’ पडले की पुढचे प्रत्येक प्रमाणपत्र त्याचीच नक्कल करते, आणि काही वर्षांनी वारसाहक्काच्या वेळी वडील काळे व मुलगा काले असल्याचे समजावून सांगत कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. एका शिफ्टची ही किंमत लहान नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि कचेरीतील संगणक घरून वापरणे हा तोवर तंत्रज्ञांपुरता असलेला व्यवहार एकाएकी सर्वांचा झाला. सुरुवातीला सांगितलेल्या तीन उमटण्यांचा उलगडा आता करता येतो.

‘खणळ’ आधी घेऊ. क, म, ल या कळांवर शिफ्ट धरली की इन्स्क्रिप्टमध्ये अनुक्रमे ख, ण, ळ येतात. तेव्हा मांडणी बरोबर आहे, अडकली आहे ती शिफ्ट. कळ सोडल्याचा स्वतंत्र क्रमांक असतो हे वर आले आहे. शिफ्ट धरलेली असतानाच माणूस दूरच्या खिडकीतून घरच्या खिडकीत गेला, तर सोडल्याचा क्रमांक घरच्या संगणकाला मिळतो. पुण्याचा संगणक शिफ्ट दाबलेलीच समजत राहतो. दूरच्या खिडकीत येऊन डावी आणि उजवी शिफ्ट एकेकदा दाबून सोडली की बहुधा भागते. रागाने पाच वेळा दाबली तर मात्र विंडोजची ‘स्टिकी कीज’ ही सोय जागी होते आणि गोंधळात भर पडते.

दुसरे आणि तिसरे उमटणे, म्हणजे काना-ब-द आणि के-सी-एन, ही दोन वेगळी लक्षणे वाटतात. रोग एकच आहे. दोन्ही वेळा पुण्याच्या संगणकावर इंग्रजी मांडणी चालू होती आणि साठवली गेली ती रोमन अक्षरेच. फरक फक्त फॉन्टचा. दुसऱ्या दस्तऐवजात कृतिदेव हा फॉन्ट निवडलेला होता, आणि कृतिदेवमध्ये रोमन के च्या जागी काना, सी च्या जागी ब, एन च्या जागी द अशी चित्रे भरलेली आहेत. हा रेमिंग्टन यंत्राचा वारसा : यंत्रावर बसलेली बोटांची सवय मोडू नये म्हणून फॉन्टच तसा घडवला गेला. कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने ई, जे, के, मोठा बी आणि एच यांचा निरर्थक समूह असतो. गंमत अशी की दूरस्थ जोडणीत हा जुना जुगाड कमी त्रास देतो, कारण त्याला इंग्रजीखेरीज कोणतीच मांडणी लागत नाही आणि इंग्रजी सर्वत्र असते. त्रास पुढे होतो. तो मजकूर शोधता येत नाही, वर्णक्रमाने लावता येत नाही, फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचताही येत नाही. हिंदी पट्ट्यातील अनेक टंकलेखन वर्गांत आजही कृतिदेव शिकवला जातो. तो शिकून आलेल्या मुलाने रायपुरात हिंदीचे काम सफाईने करावे आणि पुण्याच्या युनिकोडधारी संगणकावर मराठीत अडखळावे, यात त्याच्या कौशल्याची उणीव नाही.

पुण्याकडे इंग्रजी मांडणी का चालू राहिली, याची कारणे अनेक असू शकतात. त्यांतील दोन वारंवार आढळतात. पहिले कारण भाषा बदलण्याच्या कळीचे. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलतात. पण दूरचा संगणक पूर्ण पडद्यावर उघडलेला नसून खिडकीत असेल, तर रिमोट डेस्कटॉपच्या मूळ ठेवणीनुसार ही जोडी घरच्या संगणकालाच मिळते. घरच्या पट्टीवर ‘मराठी’ दिसू लागते, माणूस निश्चिंत होतो आणि पुण्याला इंग्रजीच चालू राहते. पाहायची ती खूण दूरच्या पडद्यावरील भाषापट्टीची. तेथेच पडद्यावरचा कळफलक उघडला तर त्या संगणकाच्या मते कोणत्या जागी कोणते अक्षर आहे हे समोर दिसते, आणि तर्क लढवण्याची गरज उरत नाही.

दुसरे कारण वेळेचे. मांडणीचे ओळखपत्र जोडणीच्या आरंभी दिले जाते. खिडकी नुसती बंद केली तर दूरचे सत्र मागे चालूच राहते, आणि पुन्हा जोडल्यावर तेच जुने सत्र जुन्या मांडणीसह पुढे येऊ शकते. घरच्या संगणकावर मराठी मांडणी नव्याने बसवल्यानंतर दूरच्या संगणकातून पूर्ण साइन आउट करून पुन्हा शिरावे लागते ते यासाठी. समोर लिनक्सवरील एक्सआरडीपी असेल तर आणखी एक शक्यता तपासावी : मांडण्यांच्या क्रमांकांची यादी तेथे वेगळी ठेवलेली असते, आणि यादीत नसलेल्या क्रमांकाला सामान्यतः अमेरिकी इंग्रजीच्या रांगेत उभे केले जाते. मॅकवरून किंवा मोबाइलवरून जोडणाऱ्याला कळफलकाचा प्रकार ‘स्कॅन कोड’ की ‘युनिकोड’ असा पर्याय मिळतो. युनिकोड निवडले तर तयार अक्षरच पाठवले जाते. मराठी लेखनाला ते सोयीचे, पण कळींच्या जोड्यांवर चालणाऱ्या आज्ञावल्या त्यावर कधी कधी रुसतात.

सर्वांत जाचक प्रसंग मात्र मराठीचा नसून पासवर्डचा असतो. तेथे अक्षरांऐवजी ठिपके दिसतात, म्हणून मांडणी चुकली हे कळतच नाही. ब्रिटिश मांडणीत ॲट चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा अमेरिकी मांडणीच्या नेमक्या उलट आहेत; ॲट असलेला पासवर्ड तेथे प्रत्येक वेळी चुकतो, आणि काही प्रयत्नांनंतर खाते कुलूपबंद होते. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. २०१० मध्ये स्वीकारलेले ₹ हे चिन्ह भारतीय इंग्रजी मांडणीत चारच्या कळीवर उजव्या ऑल्टसह मिळते, अमेरिकी मांडणीत ते नाहीच.

पुष्कळदा व्यवस्थापकच या साऱ्याला कंटाळतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘इग्नोअर रिमोट कीबोर्ड लेआउट’ नावाची एक नोंद आहे. तिचे मूल्य एक केले की दूरचा संगणक येणाऱ्यांची ओळखपत्रे वाचणे सोडून देतो आणि स्वतःच्या मांडण्यांवरच चालतो. दहा ठिकाणांहून दहा मांडण्या येऊन पट्टीवर साचण्याचा उपद्रव त्याने थांबतो, हे खरे. पण मग त्या संगणकावर मराठी आधीपासून बसवलेली असावी लागते, आणि ती बसवायची आठवण व्यवस्थापकाला असावी लागते. इंग्रजी आणि हिंदी ठेवून ‘देवनागरी झाली’ असे समजणारे व्यवस्थापक पुण्यातही भेटतात. रायपुरात भेटले तर त्यांना बोल कसा लावावा?

२०१९ च्या विंडोज १० पासून मराठीची ध्वन्यात्मक मांडणीही मिळू लागली आहे. रोमनमध्ये ‘के ए’ लिहिले की ‘क’ येतो. नव्या पिढीला ती प्रिय आहे. दूरस्थ जोडणीत तिचा स्वभाव निराळा : ती एका कळीचे एक अक्षर करीत नाही, अनेक कळा गोळा करून शब्द सुचवते. हे काम घरच्या संगणकावर ठेवून चालत नाही, कारण घरचा संगणक कळा न थांबवता क्रमांकांच्या रूपात पुढे पाठवून देतो. ती बसवायची असते पुण्याकडच्या संगणकावर, आणि तेथे काही बसवण्याचा अधिकार घरून काम करणाऱ्याकडे बहुधा नसतो.

२०१६ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १६३५० या क्रमांकाने विस्तारित इन्स्क्रिप्टचे मानक प्रसिद्ध केले. १९८८ नंतर युनिकोडमध्ये आलेल्या चिन्हांना त्यात जागा देण्यात आल्या. ‘क’ मात्र जेथे होता तेथेच आहे. चौबे कॉलोनीतून तो आजही ३७ म्हणूनच निघतो.